मोबाईलमधली हिरवी रेघ किती खरी? नाणेघाटापासून फास्टॅगपर्यंतची एक गोष्ट

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

२०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास किन्हवलीकडच्या गावातून चुलत भावाचा फोन आला. काकांचं तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाही. मी शहापूरहून निघालो, अर्ध्या वाटेत त्यांची गाडी गाठली आणि काकांच्या शेजारी बसलो. त्यांना ठाण्याला न्यायचं ठरलं होतं. किन्हवलीतून ठाण्याला जायला दोन वाटा. एक शहापूर, आसनगाव करून नाशिक हायवेने. दुसरी सरळगाव, मुरबाड, कल्याण करून. गाडी चालवणारा गावातलाच, रोज भाजी घेऊन कल्याणला जाणारा. तो म्हणाला, "भाऊ, मुरबाडवरून काढू का? वासिंदला लागलेला असणार." मी मोबाईल उघडला. नकाशावर शहापूरची वाट हिरवी दिसत होती आणि मुरबाडपेक्षा वीस मिनिटं कमी दाखवत होती. मी म्हणालो, "नको, हायवेनेच घे. मोकळा आहे."

सव्वा तास दाखवत होता. पोचायला तीन तास लागले. आसनगाव ओलांडलं आणि पुढे नुसते ट्रकचे लाल दिवे. आम्ही रांगेत अडकल्यावर, बऱ्याच वेळाने, ती रेघ आमच्या डोळ्यांदेखत हिरव्याची लाल झाली.

काका आज आहेत, देवाची कृपा. पण उजवी बाजू पूर्ण आली नाही. मेंदूत गुठळी झाली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. गावातला वेळ, रस्त्यातला वेळ, तपासणीचा वेळ असं सगळं जमवता आमची ती वेळ निघून गेली. डॉक्टर काही बोलले नाहीत. भाऊही कधी बोलला नाही. पण "हायवेनेच घे" हे शब्द माझे होते.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला. ही रेघ खरी की खोटी, हे तपासतं कोण? तपासायची काही पद्धत असते का? पत्रकारितेचा डिप्लोमा केलेल्या माणसाला हे विषय शिकवत नाहीत. वाचत गेलो, माणसांशी बोलत गेलो. जे हाती लागलं ते मांडतोय.

सुरुवात आपल्याच डोंगरापासून करू.

मुरबाड तालुक्यात वैशाखरेच्या वर नाणेघाट आहे. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारी सातवाहनांच्या काळातली ही व्यापाराची वाट. वर गुहेत नागनिका राणीचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात यज्ञ आणि दानांची यादी आहे: किती गायी, किती घोडे, किती कार्षापण. भारतात कोरलेले आकडे सापडतात, त्यातले फार जुने आकडे इथले आहेत. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सगळे सांगतात. म्हणजे या वाटेवरून कोण गेलं, किती गेलं याची मोजदाद आपल्या भागात काही नवीन नाही.

पण वेग मोजायचा तर निव्वळ मोजदाद पुरत नाही. दोन ठिकाणं लागतात आणि दोन वेळा. तीच थैली, तोच माणूस किंवा तीच गाडी इथून किती वाजता निघाली आणि तिथे किती वाजता पोचली. टपालाची थैली टप्प्याटप्प्याने जायची तेव्हा हेच होत असे. आजही एसटीचं भाडं टप्प्यानेच ठरतं, ६ किलोमीटरचा एक टप्पा. शब्द जुना, हिशेब अजून चालू आहे.

मग रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे, १८५४ ला कल्याण, १८५५ ला वासिंद. आसनगावपर्यंत यायला १८६० उजाडलं, कसाऱ्याला १८६१. थळ घाट चढून गाडी इगतपुरीला पोचली १८६५ मध्ये. तो चढ ३७ फुटांना १ फुटाचा आहे, म्हणून आजही कसाऱ्याला मागून इंजिनं लावतात. रेल्वेने एक शिस्त आणली. प्रत्येक स्टेशनमास्तर गाडी आल्या-गेल्याची वेळ रजिस्टरात लिहायचा. दोन स्टेशनांची रजिस्टरं शेजारी ठेवली की मधला वेग कळायचा. त्यात अंदाजाला जागा नव्हती.

मुरबाडला रेल्वे आली नाही. तिथे एसटी आली. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली आणि पुढे गावोगाव डेपो झाले. शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडे डेपो आहे. स्टँडवर खिडकीत बसलेला कंट्रोलर गाडी आली की वेळ टाकतो. किन्हवलीची गाडी रोज वीस मिनिटं उशिरा येत असेल तर ते कंट्रोलरच्या वहीत दिसतं. ही वहीसुद्धा दोन ठिकाणं, दोन वेळा याच तत्त्वावर चालते.

आता जरा गणित. घाबरू नका, सातवीचं आहे.

समजा एक गाव ३० किलोमीटरवर आहे. जाताना ताशी ६० ने गेलात, येताना रस्ता खराब म्हणून ताशी २० ने आलात. सरासरी वेग किती? बहुतेक जण म्हणतील ४०. चूक. जायला अर्धा तास, यायला दीड तास. दोन तासांत ६० किलोमीटर, म्हणजे ताशी ३०. हळू चाललेला वेळ जास्त असतो, त्याचं वजनही जास्त पडतं. इंग्लंडमधल्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतल्या वॉर्ड्रॉप नावाच्या गणितज्ञाने १९५२ मध्ये हा फरक नीट मांडला. रस्त्याच्या एका जागी उभं राहून गाड्यांचे वेग घेतले तर येणारी सरासरी वेगळी, आणि पूर्ण रस्ता कापायला लागलेल्या वेळावरून काढलेली सरासरी वेगळी. पहिली नेहमी दुसरीइतकी किंवा तिच्याहून जास्त येते, कधी कमी येत नाही. १९५४ मध्ये वॉर्ड्रॉप आणि चार्ल्सवर्थ यांनी वाहतुकीबरोबर स्वतःची गाडी चालवून वेग आणि गर्दी मोजायची पद्धत लिहिली. जगभरचे इंजिनिअर पुढची पन्नास वर्षं गाडी, घड्याळ आणि वही घेऊन हेच करत होते. त्याला पैसा लागायचा, माणसं लागायची. म्हणून मोजणी व्हायची ती मोठ्या शहरांत. आपल्याकडे कोण येतंय.

मग उपग्रह आले. जीपीएस आधी अमेरिकेच्या लष्कराचं. सामान्य लोकांना मिळणारा सिग्नल मुद्दाम बिघडवलेला असायचा, शंभर मीटरपर्यंत चूक. मे २००० मध्ये ती अडवणूक त्यांनी काढून टाकली आणि चूक दहा-वीस मीटरवर आली. त्यानंतर ट्रक कंपन्यांनी गाड्यांत यंत्रं बसवली. त्या ट्रकचे वेग गोळा करून विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. रस्त्याच्या वेगाचा बाजार सुरू झाला तो असा.

फोनची पाळी २००८ मध्ये आली. त्या वर्षी ८ फेब्रुवारीला कॅलिफोर्नियात बर्कले विद्यापीठ आणि नोकियाने एक प्रयोग केला. १०० गाड्या, प्रत्येक गाडीत एक नोकिया एन-९५ फोन, चालवायला विद्यार्थी, आणि दिवसभर एकाच हायवेच्या तुकड्यावर चकरा. निष्कर्ष असा निघाला की रस्त्यावरच्या शंभरातल्या दोन ते पाच गाड्यांत फोन असला तरी अख्ख्या रस्त्याचा वेग बऱ्यापैकी कळतो. हे 'दोन ते पाच' ध्यानात ठेवा. हायवेवर हजार गाड्यांतले पाच टक्के म्हणजे पन्नास. रात्री अकराला किन्हवलीच्या रस्त्यावर दहा गाड्या असतील तर पाच टक्के म्हणजे अर्धी गाडी.

गुगलने नकाशावर वाहतूक दाखवायला अमेरिकेत २००७ मध्ये सुरुवात केली. २००९ पासून लोकांच्या फोनवरून वेग घेणं जाहीर केलं. भारतात ही सोय २०१२ मध्ये आली ती मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद या सहा शहरांत. पुढे हायवे आले, आणि मग हळूहळू आपल्या खिशातल्या फोनबरोबर आपणही त्यात आलो. आपण नुसते बघणारे नाही हं. लोकेशन चालू ठेवून गाडीत बसलेला प्रत्येक माणूस त्या कारखान्यातला बिनपगारी कामगार आहे. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतो, हे आपण जाणतोच. डेटाचंही तसंच काहीसं झालंय. देणारे आपण, पण त्यात किती खरं ते विचारायची सोय आपल्याला नाही.

ज्यांनी विचारलं त्यांची गोष्ट आता सांगतो, कारण या सगळ्या वाचनात मला सगळ्यात जास्त तीच पटली.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने मेन ते फ्लोरिडा असा आय-९५ नावाचा महामार्ग जातो. त्या पट्ट्यातल्या राज्यांनी मिळून एक संघटना केली, आय-९५ कॉरिडॉर कोअ‍ॅलिशन. २००८ मध्ये त्यांनी ठरवलं की रस्त्यात यंत्रं पुरत बसण्यापेक्षा वेगाचा डेटा खासगी कंपनीकडून विकत घ्यायचा. इनरिक्स कंपनीला काम दिलं. पण घेताना करारातच अट घातली: आम्ही तपासणार. तपासायचं काम मेरीलँड विद्यापीठाला दिलं.

विद्यापीठाने काय केलं? स्टेशनमास्तरने केलं तेच. रस्त्याच्या कडेला काही मैलांच्या अंतरावर दोन पेट्या ठेवल्या. गाडीतल्या फोनचं किंवा हेडसेटचं ब्लूटूथ चालू असलं की त्याचा एक ठराविक क्रमांक हवेत जात असतो. पहिल्या पेटीने तो क्रमांक १० वाजून ५ मिनिटांनी ऐकला, दुसऱ्या पेटीने तोच क्रमांक १० वाजून ११ मिनिटांनी ऐकला, म्हणजे त्या गाडीला सहा मिनिटं लागली. दोन ठिकाणं, दोन वेळा. असे शेकडो क्रमांक जुळवून खरा वेग काढायचा आणि कंपनीच्या आकड्याशेजारी ठेवायचा.

पास-नापास ठरवायला त्यांनी दोन मापं लावली. दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं माप: चूक सरासरी किती. पुढची असो की मागची, आकडा धरायचा. ही ताशी १० मैलांच्या, म्हणजे सुमारे १६ किलोमीटरच्या आत हवी. दुसरं माप: चूक एकाच बाजूला झुकते का. हा झुकाव ताशी ५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ८ किलोमीटरच्या आत हवा. दोन मापं कशाला? समजा खरा वेग २० असताना अ‍ॅप ३० म्हणालं आणि खरा ६० असताना ५० म्हणालं. अधिक-वजा होऊन झुकाव शून्य. कागदावर एकदम छान. पण दोन्ही वेळा चूक दहाची आहे आणि दोन्ही वेळा माणूस फसलाय. म्हणून एकटं माप चालत नाही.

तिसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्यांनी सगळ्या दिवसाची एकच सरासरी काढली नाही. वेगाचे चार कप्पे केले: ताशी ३० मैलांखाली, ३० ते ४५, ४५ ते ६० आणि ६० च्या वर. प्रत्येक कप्प्यात वेगळी परीक्षा. कारण साधं आहे. रस्ता दिवसाचे बावीस तास मोकळा असतो. तेव्हा 'मोकळा आहे' असं डोळे मिटून सांगणारं यंत्रसुद्धा बावीस तास बरोबर ठरेल. त्याची खरी परीक्षा उरलेल्या दोन तासांत आहे. कप्पे केले नाहीत तर जाममधली चूक मोकळ्या वेळेच्या ढिगाखाली गाडली जाते.

आणि इथे मला माझं उत्तर सापडायला लागलं. ताशी १६ किलोमीटरची चूक म्हणजे किती? दहा किलोमीटरचा रस्ता घ्या. समृद्धीवर अ‍ॅप १०० म्हणालं आणि खरा वेग ८४ निघाला, तर सहा मिनिटांऐवजी सात मिनिटं लागतात. कुणाला कळणारही नाही. पण वासिंदला अ‍ॅप २५ म्हणालं आणि खरा वेग ९ निघाला, तर २४ मिनिटांची ६७ मिनिटं होतात. चूक तीच, १६ ची. एकीकडे एक मिनिट, दुसरीकडे पाऊण तास. वेगातली चूक सारखी असली तरी वेळेतली चूक हळू रस्त्यावर कितीतरी पटीने वाढते. 'आमचा डेटा इतका अचूक' असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठल्या वेगाला?

त्या करारात अजून एक अट होती, आपल्यासाठी ती फार बोलकी आहे. अचूकतेची ही हमी तासाला ५०० पेक्षा जास्त गाड्या जात असतील तेव्हाचीच होती. खाली असेल तर हमी नाही. अमेरिकेतल्या महामार्गाची ही गत. आता मुरबाडहून टोकावड्याकडे, किंवा डोळखांबकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री किती गाड्या असतात ते तुम्हीच मोजा.

मग गाड्या नसताना नकाशा रंग कुठून आणतो? जुन्या सरासरीतून. इनरिक्सच्या डेटात प्रत्येक आकड्याशेजारी एक गुण असायचा. ३० म्हणजे आत्ताच्या गाड्यांवरून काढलेला. २० म्हणजे थोडा आत्ताचा, थोडा जुना. १० म्हणजे निव्वळ जुना अंदाज. सरकारी इंजिनिअरला तो गुण दिसायचा. पुढे २०१३ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारने देशभरच्या महामार्गांचा असा डेटा घेतला, तेव्हा त्यात जिथे गाडी दिसली नाही तिथे जागा रिकामी ठेवली, अंदाज भरला नाही. आपल्या फोनवर गुण दिसत नाही आणि आत्ताच्या रंगात व जुन्या अंदाजाच्या रंगात काही फरक कळत नाही. हिरवी म्हणजे हिरवी.

जुनी सरासरी कधी खोटी ठरते? रस्ता बदलला की. ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. कसारा घाटातून जाणाऱ्या कितीतरी गाड्या तिकडे वळल्या. आधीच्या वर्षाची घाटाची सरासरी त्या दिवशी शिळी झाली. शिवाय समृद्धीवर इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे, आणि बोगद्यात फोनला उपग्रह दिसत नाही. तिथे आत शिरल्याची आणि बाहेर आल्याची वेळ एवढंच हाती लागतं. पुन्हा आपली दोन ठिकाणं, दोन वेळा.

आपल्याकडच्या आणखी काही भानगडी सांगतो, ज्या आय-९५ वाल्यांना नव्हत्या.

पहिली, सर्व्हिस रोड. गेली काही वर्षं आसनगाव, वासिंद, खडवली फाटा इथे पुलांची कामं चालली. गाड्या कधी मुख्य रस्त्यावर, कधी कडेच्या कच्च्या पट्टीवर. दोन्हींत अंतर जेमतेम दहा-पंधरा मीटर. फोनची चूकही तेवढीच. मग खालून रखडणारी गाडी वरच्या रस्त्याच्या खात्यावर जाते आणि वरून पळणारी खालच्या.

दुसरी, मोटरसायकल. जाम लागला की ट्रक जागेवर आणि बाईकवाला कडेने सुर्रकन पुढे. त्याच्या खिशातला फोन सांगतो की रस्ता चालू आहे. गुगलने डिसेंबर २०१७ मध्ये भारतात दुचाकीसाठी वेगळी सोय काढली, यंत्राला बाईक आणि गाडी वेगळी ओळखायला शिकवलं. तरी हे ओळखणं अंदाजच आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये बर्लिनच्या सायमन वेकर्ट नावाच्या कलाकाराने ९९ फोन एका हातगाडीत घालून रस्त्याने हळूहळू ओढले. रस्ता रिकामा, नकाशावर लालभडक. त्यावर गुगलने थट्टेतच उत्तर दिलं की भारतासारख्या देशांत आम्ही गाडी आणि मोटरसायकल ओळखतो, हातगाडीचं अजून जमलेलं नाही. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेला या म्हणावं एकदा. बैल, बैलगाडी, टेम्पो, चालणारी माणसं, सगळ्यांच्या खिशात फोन.

तिसरी, उशीर. जाम सुरू होतो त्या क्षणी नकाशाला कळत नाही. गाड्या थांबाव्या लागतात, थांबलेल्या गाड्यांचे फोन कळवतात, यंत्र खात्री करतं, मग रंग बदलतो. यात काही मिनिटं जातात. जाम सुटतानाही तसंच. आणि किन्हवलीहून निघालेला माणूस जामपाशी पोचणार अर्ध्या-पाऊण तासाने. त्याला आत्ताचा रंग नको असतो, पाऊण तासानंतरचा हवा असतो. तो तर अंदाजाचाही अंदाज.

आमच्या भाजीवाल्या ड्रायव्हरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की रात्री नऊ-दहाला अवजड गाड्या निघतात, पाऊस आहे, वासिंदला काम चालू आहे. त्याच्या डोक्यात त्या एका जागेची कितीतरी वर्षांची वही होती.

मोबाईल टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः रोज वापरतो. त्या रात्रीनंतर गेले काही महिने मी शहापूर-मुरबाड-कल्याण जाता-येता निघायची वेळ, अ‍ॅपने सांगितलेली वेळ आणि खरी वेळ वहीत टिपतोय. हा काही अभ्यास नव्हे, एका माणसाची वही आहे. दिवसा, रोजच्या गर्दीच्या रस्त्यावर अ‍ॅप चांगलं चालतं, दोन-चार मिनिटांचा फरक. फसतं ते तीन वेळी: मुसळधार पाऊस, रात्रीचा आतला रस्ता आणि जाम लागण्याची नेमकी वेळ. म्हणजे पेशंट घेऊन निघायची वेळ येते तेव्हाच बहुधा यातलं काहीतरी एक असतं.

हे फक्त माझ्या घरापुरतं असतं तर पोस्ट लिहिली नसती. मध्यंतरी रस्त्याच्या प्रश्नावर एक बैठक होती. गावकरी जामचं सांगत होते. एका साहेबांनी मोबाईल पुढे केला, "हे बघा, आत्ता सगळं हिरवं आहे." सकाळचे अकरा वाजले होते. लोक गप्प बसले, कारण लोकांकडे आकडा नव्हता आणि साहेबांकडे रंग होता. जगातल्या जामच्या यादीत पुण्याचं नाव दर वर्षी येतं, चर्चा होते, पूल मंजूर होतात. टॉमटॉमच्या २०२४ च्या यादीत पुणे जगात चौथं होतं, १० किलोमीटरला ३३ मिनिटं. वासिंदचं नाव अशा यादीत येणार नाही, कारण यादी शहरांची असते.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि त्यासाठी अमेरिकेतून पेट्या आणायची गरज नाही. पेट्या आपल्याकडे आधीच आहेत. पडघ्याजवळ अर्जुनली टोलनाका आणि पुढे घोटी टोलनाका. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. प्रत्येक गाडीची अर्जुनलीची वेळ आणि घोटीची वेळ सेकंदासकट नोंदली जाते. तीच गाडी, दोन ठिकाणं, दोन वेळा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०२४ पासून दोन कॅमेऱ्यांमधल्या वेळेवरून सरासरी वेग काढून दंड लावतात. दंड लावायला जी पद्धत चालते ती लोकांना खरी वेळ सांगायलाही चालायला हवी. गाडीचा नंबर, मालकाचं नाव काही नको. ताशी सरासरी वेळ, आणि त्या तासातली सगळ्यात वाईट वेळ, एवढं रोज जाहीर करा. कुठे थांबून चहा प्यालेल्या गाड्या बाजूला काढता येतात, ब्लूटूथवाल्यांनीही ते केलंच.

दुसरं, १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स २०१४ पासून राज्यात आहे. तिचे थांबे ठरवताना नकाशावरची सरासरी वेळ धरू नका. पावसाळ्यातल्या रात्रीची, मोजलेली वेळ धरा.

तिसरं काम आपलं. आपल्यात रोज कल्याणला जाणारे आहेत, दूधवाले, भाजीवाले, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर आहेत. निघालो कधी, पोचलो कधी, मोबाईलने किती सांगितलं होतं, एवढं महिनाभर वहीत लिहा आणि मला कळवा. पन्नास जणांच्या वह्या जमल्या तर पुढच्या बैठकीत आपल्याकडेही आकडा असेल, आणि तो मोकळ्या वेळेचा आणि जामचा असा वेगवेगळा कप्पे करून मांडू.

काकांना मागच्या आठवड्यात भेटून आलो. डाव्या हाताने चहा पितात आता. निघताना त्यांनी विचारलं, "कुठल्या वाटेने जातोस?" मी मोबाईल काढला, बघितलं आणि मग ओसरीवर बसलेल्या त्या ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "आज हायवेने जा, मोकळा असेल."

त्या दिवशी दोघांचं एकच उत्तर होतं. पोचल्यावर वेळ वहीत लिहिली.